बैलाचं उजवं अंग

आमच्या घरात डूख धरणारी मी एकटीच. वडील दुपारचं भांडण संध्याकाळच्या चहापर्यंत विसरतात, आणि आईच्या तोंडात तर ‘जाऊ दे की’ कायमचंच बसलेलं. मी मात्र पाचवीत जिनं माझी कंपासपेटी मोडली तिचं तोंड अजून विसरलेले नाही. त्यामुळे लातूरच्या ज्या सरांनी माझा बैल चोरला त्यांना मी माफ करावं, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

बैल खरा नव्हता, कॉम्प्युटरमधला होता. पण खुरापासून शिंगापर्यंत मी स्वतः घडवलेला होता. खरा बैल चोरीला गेला असता तर निदान ठाण्यात जाऊन तक्रार तरी देता आली असती. याची तक्रार कुठं द्यायची?

आम्ही मूळचे भोकरकडचे. वडील पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. त्यांची निम्म्याहून जास्त नोकरी देवणीला गेली, त्यामुळे माझं लहानपणही तिथंच गेलं. देवणीचं नाव जगात कशासाठी असेल तर बैलांसाठी. वडिलांच्या पिशवीत कायम दोन गोष्टी असायच्या: जनावरांच्या कानात मारायचे पिवळे बिल्ले आणि एक नोंदवही. नोंदवहीच्या पानावर जनावराचे दोन कोरे आराखडे छापलेले असत, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. जनावराच्या अंगावर जिथं काळा डाग असेल तिथं आराखड्यात पेनानं भरायचा. बाकीचे लोक डावं अंग बघून भरायचे आणि उजवं अंदाजानं उरकायचे. वडील मात्र चिखल तुडवत गोठ्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचे. एकदा एका गाईनं त्यांना त्या नादात लाथ मारली. लंगडत घरी आले आणि तरी म्हणाले, “डावं बघून उजवं भरू न्हाई, माय. जनावर दोन्हीकडून येगळं आसतंय.”

शेवरा जातीच्या देवणीचं तर हे फारच खरं. पांढऱ्या अंगावर मन मानेल तसे काळे डाग. डाव्या अंगावरचे डाग उजव्यावर कधी जुळत नाहीत.

वडिलांना मला डॉक्टर करायचं होतं. माणसांचा डॉक्टर. म्हणून बारावीनंतर मला लातूरच्या क्लासला घातलं. लातूरमध्ये पोरं दोनच गोष्टींसाठी येतात, डॉक्टर व्हायला नाहीतर इंजिनिअर व्हायला, आणि बहुतेक जण तिसरंच काहीतरी होऊन जातात. दोन वर्षं मी परीक्षा दिली. गुण आले ते घरी सांगण्यासारखे नव्हते. पण त्याच दोन वर्षांत एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मला गेम इंजिन सापडलं.

आता गेम इंजिन म्हणजे काय, हे मी आईला ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत सांगते. आमच्या मामाकडं एक ऑइल इंजिन होतं. सकाळी पट्टा पंपाला चढवला की विहिरीचं पाणी, दुपारी पट्टा बदलला की कडबाकुट्टी, आणि गावात वीज गेली की पिठाची गिरणी. इंजिन एकच, पट्टा बदलायचा. गेम बनवणाऱ्यांकडं आधी असं इंजिन नव्हतं. प्रत्येक गेमला सगळं पहिल्यापासून लिहायचे. चेंडू खाली पडतो कसा, सावली पडते कुठं, माणूस भिंतीला धडकल्यावर थांबतो कसा, हे दरवेळी नव्यानं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की चेंडू सगळ्या गेममध्ये एकसारखाच पडतो. ते सामाईक काम बाजूला काढून ठेवलं, त्याचं इंजिन झालं. पुढं ते इतरांना वापरायला दिलं, आणि आता तर शिकणाऱ्याला फुकट मिळतं. पट्टा कशालाही चढवा. गेमला चढवा, बिल्डरच्या न बांधलेल्या फ्लॅटला चढवा, ऑपरेशन शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी चढवा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंजे मामासारखीच डोकेदुखी घेतलीस म्हन की.”

लातूरला एका दुकानाच्या वर सरांचा ॲनिमेशनचा क्लास होता. मी आधी तिथं शिकायला गेले आणि सहा महिन्यांत कामाला राहिले. सर मूळचे जुन्या ॲनिमेशनमधले. त्यांच्या काळात एकेक चित्र कॉम्प्युटरनं शिजवून काढायचं, मिनिटभराच्या व्हिडिओला दिवस जायचे. कॅमेरा कुठून जाणार हे आधी ठरवायचं आणि जिथून जाणार तेवढंच नीट करायचं. मागची भिंत नसली तरी चालायची, कारण मागं कोणी जातच नव्हतं. इंजिनात तसं नसतं. इंजिनात कॅमेरा बघणाऱ्याच्या हातात असतो. तो वाटेल तिकडं जातो, मागं जातो, वाकून खालून बघतो. सर इंजिनाला शेवटपर्यंत व्हिडिओच समजत राहिले. मी दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “मला शिकवून राहिलीस का?” मग मी सांगायचं सोडून दिलं.

सरांची एक खोड मात्र मला पहिल्याच महिन्यात कळली. एका दालमिलसाठी आम्ही कामगारांना शिकवायचा कार्यक्रम केला होता, की मशीन चालू असताना हात कुठं घालायचा नाही. मालकाला आवडला. सर खुर्चीत मागं रेलून म्हणाले, “मी सोता बसून केलंय, तीन आठवडे.” मी शेजारीच उभी होते. मग मालकानं जरा निरखून बघितलं आणि म्हणाला, “सर, ह्यो पट्टा उलटा फिरून राहिला की.” सरांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “ते आमच्या पोरीनं केलंय.” पट्टा तसा फिरवायला त्यांनीच सांगितलं होतं. नंतर बघत गेले तर हा त्यांचा धर्मच होता. चांगलं झालं की सरांनी केलेलं आणि बिघडलं की आमच्या पोरीनं. ही गोष्ट मी नीट लक्षात ठेवली, पुढं उपयोगी पडली.

मग बैलाचं काम आलं. देवणी जनावरं पाळणाऱ्यांची एक संस्था आहे. त्यांची तक्रार अशी, की जनावर पारखणारी जुनी माणसं चालली आणि नव्या पोरांना वशिंड कसं असावं, गळ्याखाली लोंबणारी पोळी कशी असावी, काही कळत नाही. डोळ्यांवर तो व्हीआरचा मोठा चष्मा चढवून पोरांना कॉम्प्युटरमधल्या बैलाभोवती फिरता आलं, तर शिकतील. हे काम म्हणजे माझ्यासाठीच जन्माला आलेलं. मी सरांना म्हटलं, बैल मी करते, आणि बैल केला की खाली माझं नाव टाका. ते म्हणाले, बघू.

वडिलांच्या फोनमध्ये शेकडो जनावरांचे फोटो होते. मी एक शेवरा निवडला. देवणीच्या एका म्हाताऱ्या आप्पांचा बैल होता तो. आप्पा म्हणजे त्या संस्थेतलं सगळ्यात जुनं माणूस. घरी शिवपूजा झाल्याशिवाय चहा न घेणारे आणि बैलाला हात लावल्याशिवाय न जेवणारे. बैल मागच्या वर्षी म्हातारपणानं गेला होता.

आमच्या कामात एक सोय असते. जनावर अर्धंच करायचं आणि आरशात दिसावं तसं दुसरं अर्धं उमटवायचं. गेममधल्या राक्षसाला ते चालतं, त्याच्याकडं कोण इतकं बघतंय. मीही आधी डावं अंग केलं आणि उजवीकडं तात्पुरतं उमटवून ठेवलं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर आप्पांच्या बैलाचा खरा नंबर घातला. मग सरांना सांगितलं, “उजव्या अंगाचे डाग अजून करायचेत, महिना-दीड महिना लागेल.”

सर हसले. “उजवीकडून बघतंय कोण? कॅमेरा डावीकडं ठेव.”

दुसऱ्याच आठवड्यात संस्थेची चार माणसं बैल बघायला आली, आप्पा त्यांत नव्हते. मला चहा आणायला पाठवलं. ट्रे घेऊन आत आले तर पडद्यावर माझा बैल उभा, डावं अंग पुढं, आणि सर सांगत होते, “चार महिने मी जनावरांच्या मागं हिंडलो, तवा कुठं ह्यो बैल उभा राहिला.” सर कधी गाईच्या शेपटीलाही शिवले नव्हते. आणि मग माझं लक्ष कानाकडं गेलं. पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर पुसून तिथं सरांच्या क्लासचं नाव टाकलेलं होतं, चांगलं ठसठशीत.

पाहुणे गेल्यावर मी सगळ्यांसमोर विचारलं, “सर, बिल्ला कुणी बदलला? बैल माझा हाय.”

क्लासमधली पंधरा पोरं बघत होती. सर म्हणाले, “तुमच्या लोकांचं असंच आसतंय. सवलतीत सगळं आयतं मिळायची सवय. इथं डोकं लागतं, सवलत चालत न्हाई.”

माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले. वडिलांनी कंदिलाखाली शिकून नोकरी मिळवली आणि तीस वर्षं दोन्ही अंगं भरली. त्या वाक्यानं माझ्या अंगाची आग आग झाली. रडायला येत होतं, पण त्या पोरांसमोर रडले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं. माझा लॅपटॉप, त्यात बैलाची एक प्रत होतीच, पिशवीत घातला आणि जिना उतरले. नांदेडची एसटी पकडली. अहमदपूर येईपर्यंत डोकं चालायला लागलं.

वडील निवृत्त होऊन नांदेडला घर बांधून राहिले होते. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं, “पप्पा, आप्पांच्या बैलाच्या उजव्या अंगाचे फोटो हायेत का?” त्यांना प्रश्नाचाच अपमान वाटला. “हायेत का मंजे?” असं म्हणून जुना फोन काढून दिला. वर नोंदवहीचं पानही दिलं.

पुढचे दीड महिने मी उजवं अंग केलं. मांडीवरचा पानासारखा डाग. बरगडीखालचे तीन लहान डाग, त्यातला एक फिकट. खांद्यावर जू घासून केस गेलेली जागा. उजव्या मागच्या पायावर तारेचं कुंपण लागून राहिलेला व्रण. वडील मागं खुर्ची टाकून बसायचे आणि “जरा वर... आन् वर” म्हणत डाग सरकवायला लावायचे. इतकं जवळ आम्ही डॉक्टरकीच्या अभ्यासातही कधी बसलो नव्हतो.

तेवढ्यात कळलं की देवणीच्या जनावरांच्या प्रदर्शनात सर संस्थेला बैल दाखवणार आहेत. सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर, आणि चष्मा स्वतः आप्पा चढवणार आहेत. त्यानंतर पूर्ण काम कोणाला द्यायचं ते ठरणार. वडील म्हणाले, “सरांना कळव, म्हन उजवं अंग चुकीचं हाय.”

मी कळवलं नाही. हे मी लपवत नाही. एक फोन केला असता तर सरांची लाज वाचली असती, आणि मला त्यांची लाज वाचवायची नव्हती. मला त्यांच्याच तोंडून एक गोष्ट काढून घ्यायची होती. ती कशी निघणार, हे मला दालमिलच्या उलट्या पट्ट्यानं शिकवलं होतं.

उदगीरला गाडी बदलून आम्ही बापलेक देवणीला पोचलो. मंडपात शे-दोनशे माणसं, बाहेर झुली घातलेले बैल. मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसले. सर पांढरा कुडता घालून आले होते. पडद्यावर बैल उभा राहिला, डावं अंग पुढं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, माझेही हात टाळ्यांना उठले. बैल देखणा होता आणि तो माझा होता.

सर माइकवर म्हणाले, “चार महिने मी सोता हिंडून ह्यो बैल केलाय.”

आप्पांनी टोपी काढून चष्मा चढवला. त्यांना जे दिसेल तेच आम्हाला पडद्यावर दिसत होतं. त्यांनी मान वर-खाली करून शिंगापासून खुरापर्यंत बघितलं. मग हळूच म्हणाले, “अरे, ह्यो तर माजा बैल हाय.” मंडपात कुजबुज झाली. सरांना वाटलं हे कौतुकच आहे, ते नमस्कार करायला लागले. आप्पांनी हात पुढं केला आणि बैलाला वळसा घालायला निघाले.

“आप्पा, इकूनच बघा, इकूनच छान दिसतंय,” सर घाईनं म्हणाले.

पन्नास वर्षं बैल पारखलेला माणूस एकाच बाजूनं बघेल, असं फक्त सरांनाच वाटू शकतं. आप्पा शेपटीमागून गेले आणि उजवीकडं येऊन थांबले. पडद्यावर तेच डाग, त्याच जागी, आरशातले. आप्पा परत डावीकडं आले आणि पुन्हा उजवीकडं गेले.

“डावं अंग माज्या बैलाचं हाय,” आप्पा म्हणाले. “मग उजवं कुठं गेलं त्येचं? दोन्हीकून एकच? बैल हाय का सोलापुरी चादर?”

लोक हसले. असे हसले की बाहेरचे बैलही वळून बघायला लागले. आप्पांचं अजून संपलं नव्हतं. “आन् कानात ह्ये काय? जनावराच्या कानात नंबर आसतो. दुकानाची पाटी कुणी लावली?”

सरांचा चेहरा पडला. मी पिशवीची चेन उघडली आणि मनात म्हणत होते, बोला सर, आता बोला. आणि सर बोलले. माइक तोंडाजवळच होता.

“आप्पा, ह्ये माजं काम न्हाई. आमच्याकडं एक पोरगी होती, तिनं केलंय.”

“कोन पोरगी?” आप्पांनी विचारलं.

आणि सरांनी माझं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्पष्ट, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं. वर म्हणाले, “पूर्ण बैल तिनंच केलाय, मी फकस्त आणलाय.” जे नाव बैलाखाली टाकायला त्यांचा हात धजला नाही, ते त्यांनी माइकवर दिलं. मी उभी राहिले.

“हाव, मीच ती. बैल माझाच हाय. उजवं अंग राहिलं होतं, ते घेऊन आलेय.”

पुढं जाताना मी सरांकडं मुद्दाम बघितलं. त्यांना आत्ता कुठं कळत होतं की त्यांनी काय बोलून टाकलं. लॅपटॉप जोडला. आप्पांनी पुन्हा चष्मा चढवला, पुन्हा डावीकडून सुरुवात केली आणि शेपटीमागून उजवीकडं आले. मांडीवरचा डाग बघितला, बरगडीखालचे तिन्ही बघितले. मग खाली वाकून मागच्या पायावरचा तो व्रण बघितला आणि रिकाम्या हवेत हात फिरवत राहिले. बराच वेळ उठले नाहीत. उठल्यावर चष्मा काढायच्या आधी आतून डोळे पुसता येतात का, ते चाचपत होते.

संस्थेनं काम मला दिलं.

परतीच्या गाडीत वडिलांनी शिरूर ताजबंदपर्यंत नोंदवहीचं ते पान हातातच धरलं होतं. मग म्हणाले, “सरांचं जाऊ दे. पन आप्पाला त्येचा मेलेला बैल आदी खोटा दिसला, मग खरा. तू फोन केली आसतीस तर त्येला येकदाच दिसला आसता.”

हे मात्र लागलं. त्या सगळ्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट मला आजही टोचते. तरी सरांना फोन करायला हवा होता, असं मी आजही म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता आमचा कार्यक्रम चालू आहे. गावागावची पोरं चष्मा चढवून बैल पारखायला शिकतात. शेवटी माझं नाव येतं आणि त्याखाली, ‘दोन्ही अंगांची नोंद’ म्हणून, वडिलांचं. त्यात एक धडा मी जास्तीचा घातलाय. पाच बैल एका रांगेत उभे असतात, त्यातला खोटा कोणता ते ओळखायचं. पोरं चारांना वळसा घालतात, पाचव्याच्या उजवीकडं येतात आणि हसायला लागतात. तो सरांचा बैल, त्यांनी प्रदर्शनात संस्थेला दिला होता जसाच्या तसा. कानातला पिवळा बिल्लाही मी काढलेला नाही. क्लासचं नाव ठसठशीत वाचता येतं आणि पोरं ते मोठ्यानं वाचतात.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. म्हणाले, “तेवढा बिल्ला काढ की. लातूरमधी लोक हसून राहिलेत.”

“सर,” मी म्हटलं, “बैल माझा हाय, पण तो बिल्ला माझं काम न्हाई. आमच्याकडं एक सर होते, त्यांनी केलंय.”